दहावा हिस्सा

कुशावर्ताला ताप आला की तो दहा बायकांना थोडा थोडा येत असे.

तांबडगव्हाणात याचं कुणाला नवल नव्हतं. गटाची पद्धतच तशी होती. कंपनीनं गावातल्या दहा बायकांचा गट केला, प्रत्येकीला कर्ज दिलं आणि तारण काही घेतलं नाही, कारण घ्यायला काही नव्हतंच. घर सासऱ्याच्या नावावर, रान नवऱ्याच्या नावावर आणि अंगावरचं सोनं नणंदेच्या लग्नात गेलेलं. मग तारण म्हणून बाईलाच बाई ठेवली. एकीचा हप्ता थकला तर उरलेल्या नऊ जणींनी भरायचा, म्हणजे कुणाचा थकतच नाही. दर मंगळवारी समाजमंदिराच्या ओट्यावर पाच-पाच जणींच्या दोन रांगा करून बसायचं, उजवा हात पुढं करून 'आम्ही एकमेकींची जबाबदारी घेऊ' अशी शपथ म्हणायची आणि मग टेकाळे सरांकडे हप्ते द्यायचे. टेकाळे सर कंपनीचे तरुण अधिकारी. मोटारसायकलवर यायचे, सगळ्यांना ताई म्हणायचे आणि चहाला नाही म्हणायचे, कारण सभासदाच्या घरचा चहा घेऊ नये असा कंपनीचा नियम होता.

शपथ म्हणता म्हणता वर्ष सरलं. मग एका श्रावणात गटाच्या अध्यक्ष सुदामतीकाकूंना हिवताप झाला आणि दहाही जणींना भरदुपारी, ज्या जिथं होत्या तिथं, थोडीशी हुडहुडी भरली. सुदामतीकाकूंना घाम फुटला तेव्हा दहाही जणींनी कपाळ पुसलं. मंगळवारी विषय निघाला. टेकाळे सरांनी शाखेत फोन लावला, बराच वेळ 'हो सर, हो सर' केलं आणि फोन खिशात ठेवला.

"तुम्ही एकमेकींची हमी घेतलीय ना? ती लागू झालीय," ते म्हणाले. "कशाची घ्यायची आणि कशाची नाही, असं शपथेत काही म्हटलेलं नाही."

"मग बरोबर हाय," सुदामतीकाकू म्हणाल्या. "हप्ता वाटून घेता, तर हिवानं काय घोडं मारलंय?"

विषय तिथंच मिटला.

सुरुवातीला तर फार सोयीचं वाटलं. शेवंताच्या तिसऱ्या बाळंतपणात दहाही जणी दुपारभर कंबर धरून बसल्या आणि शेवंता मात्र मूल हातात आल्यावर नर्सबाईला म्हणाली, "येवढंच?" सुखही वाटलं जायचं. द्वारकाचा मुलगा पोलीस भरतीत निघाला त्या वेळी शेवंता एका मयतीला गेली होती. तिथं प्रेत उचलायच्या सुमारास तिला हसू आलं. पण लोकांना गट ठाऊक होता. मयतीच्या घरचेच म्हणाले, कुणाचं तरी चांगलं झालेलं दिसतंय.

कुशावर्तानं कर्जातून मिरची कांडायचं यंत्र घेतलं होतं. दारापुढच्या सपरात, पत्र्याच्या छपराखाली, ते बसवलं होतं. यंत्र सुरू झालं, मिरचीचा खकाणा उडाला की तिच्या नाकाला जेवढं झोंबायला हवं तेवढं झोंबायचं नाही. उरलेलं गावभर झोंबायचं. कुणी विहिरीवर शिंकायची, कुणी कापसाच्या रानात, कुणी शाळेची खिचडी ढवळताना. रेशनच्या रांगेत सुदामतीकाकू शिंकल्या की रांगेतल्या बायका म्हणायच्या, कुशावर्ताचं यंत्र सुरू झालं वाटतं, आणि रांग सोडून मिरच्या आणायला घरी जायच्या. पाटी लावायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

मग आलं थोबाडीतीचं प्रकरण.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कुशावर्ताच्या नवऱ्यानं, अंकुशनं, तिच्या थोबाडीत दिली. कारण नेहमीचंच. यंत्र तिच्या नावावर असलं तरी यंत्राची कमाई आपल्याला विचारून खर्च व्हावी असं त्याचं म्हणणं होतं आणि तिनं न विचारता यंत्राचा पट्टा बदलून आणला होता. हात जोराचा पडला. पण कुशावर्ताला गालावर माशी बसल्याएवढंच लागलं. "झालं का?" तिनं विचारलं आणि ती मिरच्या खुडायला बसली. गावात मात्र नऊ बायका गालाला हात लावून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्या यायच्या आधी त्यांचे नवरे आले. सगळ्यांत पुढं शेवंताचा नवरा होता.

"माझ्या बायकोवर हात टाकला म्हणं तू?" त्यानं विचारलं.

"मी माझ्या बायकोला मारलं," अंकुश म्हणाला.

"लागलं माझ्या बायकोला. तिला मारायचं तर मी मारीन. तू कोण लागून गेला?"

अंगणात नऊ पुरुष उभे होते. त्यातले चौघे स्वतः घरी हात चालवणारे होते आणि तेच जास्त भडकले होते. प्रकरण तंटामुक्ती समितीपुढं गेलं. समितीनं दोन्ही बाजू ऐकून ठराव केला की गटातल्या बाईवर हात उचलायचा असल्यास नवऱ्यानं उरलेल्या नऊ नवऱ्यांची लेखी संमती आधी घ्यावी. ठराव कुणालाच अन्यायाचा वाटला नाही. पण नऊ सह्या एका वेळी कधी मिळाल्याच नाहीत. कुणी ना कुणी ऊसतोडीला गेलेलं असायचं, कुणी पुण्याला. सह्या जमेपर्यंत राग टिकेना. तांबडगव्हाणातलं मारणं असं बंद पडलं आणि टेकाळे सरांनी कंपनीच्या भिंतीवर लावायला दहा जणींचा फोटो काढून नेला.

तोटा एकच होता. दहाव्या हिश्श्याच्या तापानं कुणाला अंथरूण धरता येत नाही. पूर्वी बाई वर्षातून एखाद-दोन दिवस तरी पडून राहायची, आणि घरातलं कुणीतरी कुरकुरत का होईना, तिला पेज करून द्यायचं. ते संपलं. दहा जणींत रोज कुणाला तरी काहीतरी व्हायचंच, त्यामुळं प्रत्येकीला बारा महिने थोडी कणकण, थोडं डोकं, थोडी पाठ. पण उभं राहता येणार नाही इतकं कधी नाही. कुशावर्ताची सासू प्रयागबाई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "आमची सून आजारीच पडत न्हाई बघ." कंपनीच्या पाहणीतही सभासद आजारपणात एकही दिवस घरी बसत नसल्याचं दिसून आलं आणि टेकाळे सरांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं.

अशात माघ महिन्यात कुशावर्ताची आई गेली.

फोन आला तेव्हा यंत्र सुरू होतं. तिनं ते बंद केलं, हात धुतले आणि काहीतरी ठेवायचं विसरल्यासारखी ती सपरात उभी राहिली. माहेर धानोऱ्याला, दोन एसट्या बदलून. पोचेपर्यंत दुपार कलली. गल्लीतल्या बायका आईला मधे घेऊन बसल्या होत्या. लेक दारात आली की हंबरडा फोडते आणि मग बसलेल्या सगळ्या तिच्यासोबत पुन्हा एकदा रडतात, अशी तिकडची चाल. कुशावर्ता दारात आली. बायकांनी पदर डोळ्यांशी नेले आणि वाट पाहिली. कुशावर्ताच्या डोळ्यांतून दोन थेंब आले. तिनं तिसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. पदर हळूहळू खाली आले.

"लेक हाय का पाव्हणी?" सिंधूवहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. ही तिच्या भावाची, भागवतची, बायको.

कुशावर्तानं आईचे पाय धरले. आई तिला फार आवडायची. मनात ती हे वारंवार म्हणून पाहत होती आणि ते खरंही होतं. तिला आईचं दुःख होत नव्हतं याचं दुःख होत होतं, आणि तेही दहाव्या हिश्श्यानं.

तेरावं करून ती परत आली तेव्हा गावातल्या नऊ जणींचे डोळे अजून सुजलेले होते. त्यांनी तिच्या आईला कधी पाहिलंही नव्हतं. सुदामतीकाकूंनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि त्या स्वतःच रडायला लागल्या. "लई चांगली व्हती गं बाई," त्या म्हणाल्या. कुशावर्ता कोरड्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत राहिली. तिला त्यांचा हेवा वाटला.

"काकू," ती म्हणाली, "मला मपलं दुःख परत पायजे."

"किती?"

"सगळं."

"येवढ्याचं काय करतीस?"

"रडते."

सुदामतीकाकूंना हे रास्त वाटलं, पण अडचण त्यांच्याही डोक्यात आली. "तू गटातून निघालीस तर मपला मुतखडा नवूजणींत यील," त्या म्हणाल्या. "आताच बायका कुरकूर करायल्यात." तरी मंगळवारी त्यांनी स्वतःच विषय मांडला.

टेकाळे सर म्हणाले, "एकच दुःख परत काढता येत नाही. सभासदत्वच बंद करावं लागेल. तुमचं कर्ज फिटलंय, त्यामुळं तशी हरकत नाही. पण पिठाच्या गिरणीसाठी तुमचं पुढचं कर्ज मंजूर होतंय, ते जाईल. शिवाय यापुढे ताप पूर्ण, शिंका पूर्ण, थोबाडीत पूर्ण. मागचे ताप कंपनी माफ करेल. विचार करा ताई."

कुशावर्तानं विचार केला. गिरणीचा तिनं दोन वर्षं विचार केला होता. कुठल्या भिंतीला बसवायची, वीज कुठून ओढायची, ज्वारीला वेगळी ठेवायची की नाही. घरी अंकुश जेवत होता. तिनं त्याला सांगितलं. त्यानं घास हातातच ठेवला.

"म्हणजे नऊ सह्या न्हाई लागायच्या?" त्यानं विचारलं.

"न्हाई. पण पुरी लागलेली मी पुरी परत करीन."

मिरच्यांची पोती उचलून उचलून कुशावर्ताचे दंड कसे झाले होते ते अंकुशनं पाहिलं. त्यानं घास तोंडात घातला. "ताक हाय का?" तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी परत देण्याचा कार्यक्रम झाला. टेकाळे सरांनी पद्धत समजावून सांगितली. एकेकीनं पुढं यायचं, कुशावर्ताचा हात हातात घ्यायचा आणि 'तुझं तुला' म्हणायचं.

सुदामतीकाकू आधी आल्या. "तुझं तुला," त्या म्हणाल्या आणि कुशावर्ताच्या नाकात आईच्या पदराचा वास आला, करडईच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा. ती दीर्घ श्वास घेऊन उभी राहिली. मग शेवंता आली. तिच्याकडं धानोऱ्याचा फाटा गेला होता. एसटी सुटल्यावरही रस्त्याच्या कडेला उभी असलेली आई आणि पिशवी स्वतःच ठासून भरून वर "जड न्हाई ना झाली?" म्हणून विचारणारी आई. शेवंतानं ते दिलं आणि कुशावर्ता मटकन खाली बसली. द्वारकानं लग्नातली आई दिली, अंतरपाटामागून चोरून बघणारी. बाकीच्या एकामागून एक आल्या. कुशावर्ता आता मोठ्यानं रडत होती, ओट्यावर डोकं टेकून, आणि रडता रडता तिला फार बरं वाटत होतं. टेकाळे सर बाजूला तोंड करून टॅबवर बोट फिरवत होते.

शेवटी शमीम उरली. शमीम बांगड्यांचा धंदा करायची. कर्जातून माल भरायचा, आठवडी बाजारात मांडायचा, लग्नसराईत घरोघर जाऊन बायकांचे हात भरायचे. दुसऱ्यांचे हात धरण्यात तिचा दिवस जायचा, पण आज तिनं हात पुढं केला नाही.

"शमीमताई, तुमचा हिस्सा," सर म्हणाले.

"देणार न्हाई."

"आला नव्हता का?"

"आलाय. म्हणून तर देणार न्हाई." शमीमनं हात पदराखाली घेतले. "मला आई ठावी न्हाई, सर. मी जन्मले अन् ती गेली. चाचीनं वाढवलं. तिचं काही वाईट सांगायचं न्हाई मला, पण विंचरायला वेळ नको जायला म्हणून ती माझे केस कापून टाकायची. मोठी होस्तवर मी पोरासारखी हिंडले. त्या दिवशी बाजारात बसले व्हते, गिऱ्हाइकाचा हात हातात व्हता. येकदम कुणीतरी माझ्या डोक्यात बोटानं भांग पाडला. मग वेणी घालायला लागली, लई ओढून. 'हालू नको गं भवाने' म्हणली. अन् मग ती मेली. मी बाजारात बसून रडले. आई गेल्यावर कसं रडत्यात, ते मला त्या दिवशी कळलं."



"ती मपली आई हाय," कुशावर्ता म्हणाली.

"तुपलीच हाय. नऊ हिस्से तुपलीच हाय की."

एक हिस्सा बाकी असला तरी खातं बंद होत नाही, असं टेकाळे सर म्हणाले. नियम सगळ्यांना माहीत होता आणि उपायही माहीत होता. एखादी द्यायचं देत नसेल तर उरलेल्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं. ती देईपर्यंत तिच्या घरात चूल पेटू द्यायची नाही. "उठा गं," सुदामतीकाकू म्हणाल्या, आणि सगळ्या शमीमच्या दारात जाऊन बसल्या. वसुलीला गटाच्या सगळ्या सभासदांनी हजर राहायचं असतं. शमीमही सभासद होती. त्यामुळं ती घरात गेली, चूल विझवून आली आणि आपल्याच दारात, कुशावर्ताच्या शेजारी, बसली.

ऊन उतरलं. रस्त्यानं शेळ्या गेल्या. शेवंतानं मेथीचा भाव काढला. कुशावर्ता मात्र शमीमच्या डोक्याकडं बघत होती. शमीमनं वेणी घातली होती. लांब नव्हती, पण ताणून घातलेली होती. कुशावर्ताला ती ओळखीची वाटायला हवी होती. वाटली नाही. आपलीही वेणी आईनं घातली असणार, असं तिला वाटलं; सगळ्याच आया घालतात.

"ही कुणी घातली?" तिनं विचारलं.

"मीच. पण तशी जमत न्हाई. ती वरून धरायची."

"वरून कशी?"

शमीमनं तिच्याकडं पाहिलं. हिला खरंच माहीत नाही, हे तिच्या लक्षात आलं. ते आता शमीमकडं होतं. ती उठून कुशावर्ताच्या मागं जाऊन बसली, अंबाड्याचे आकडे काढले, केस मोकळे केले आणि बोटानं सरळ भांग पाडला. मग कानशिलापासून घट्ट ओढत तिनं पेड घालायला सुरुवात केली. दुखलं. कुशावर्तानं मान हलवली.

"हालू नको गं भवाने," शमीम म्हणाली.

ती म्हणाली आणि रडायला लागली. कुशावर्ताला त्या शब्दांचं काही वाटलं नाही, कारण ते तिचे राहिले नव्हते. पण मागं बसलेली बाई आपल्या आईसाठी रडते आहे आणि रडता रडता हात थांबवत नाही, हे तिला कळत होतं, आणि मग तिचे नऊ हिस्सेही उफाळून आले. दोघी एकीमागं एक बसून रडल्या. बाकीच्या आठ जणींना काहीच झालं नाही. त्यांनी आपलं दिलं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, शेजारच्या घरात लग्न चाललंय आणि आपल्याला बोलावणं नाही अशा.

वेणी झाल्यावर शमीमनं शेवटाला आपल्याच केसांतलं रबर काढून लावलं. कुशावर्तानं वेणीला हात लावून पाहिला.

"राहू दे तुझ्याकडं," ती म्हणाली. "पण मला घालून देत जा."

"चूल पेटवू का मग?" शमीमनं सुदामतीकाकूंना विचारलं.

"पेटव की. अन् चहा टाक. बसून बसून घसा सुकला."

रस्त्यावर मोटारसायकलला टेकून थांबलेल्या टेकाळे सरांनी शाखेत फोन केला. शाखेतून तासाभरानं उत्तर आलं. बाकी राहिलेला हिस्सा दोघींच्या राजीखुशीनं एकीकडं राहत असेल तर ते कर्ज नाही, तो वारसा आहे, आणि वारशाचं काम कंपनी पाहत नाही. खातं बंद झालं. सरांनी चहाला नाही म्हटलं आणि ते गेले.

त्या पावसाळ्यात कुशावर्ताला हिवताप आला, पुरा. तिनं अंथरूण धरलं. दात वाजत होते, अंग फुटत होतं आणि गावात कुणालाही काही होत नव्हतं. प्रयागबाईनं 'आता हे नवीनच' म्हणत तिला पेज करून दिली. अंकुशनं यंत्रावर दोन दिवस मिरच्या कांडल्या आणि दोन दिवस तो इतका शिंकला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. गिरणी द्वारकानं घेतली. तिच्याकडं दळण घेऊन जाताना कुशावर्ताला पोटात ओढ लागायची, तीही पुरी.

वर्षश्राद्धाला ती धानोऱ्याला गेली. दारात पाय ठेवला आणि तिनं हंबरडा फोडला. हिशेबानं तो नऊ हिश्श्यांचा होता, पण गल्लीला भरपूर वाटला. म्हाताऱ्या बायका काठ्या टेकत आल्या आणि वर्षभर राहून गेलेलं रडणं तिच्यासोबत रडल्या. सिंधूवहिनी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. गेल्या साली जे बोलली त्याचं तिला वाईट वाटत होतं आणि तिनं ते सांगितलंही.

जेवणं झाल्यावर भागवतनं आईची पेटी ओसरीवर आणली. वर्ष झालं की आईची लुगडी लेकींना द्यायची, अशी त्या घरची रीत होती. लेक एकच, म्हणून त्यानं वरचं हिरवं इरकल काढून कुशावर्ताच्या मांडीवर ठेवलं आणि पेटी लावायला घेतली.

"अजून येक काढ, दादा," ती म्हणाली.

"तुला दोन?"

"मला येक. येक शमीमला."

"शमीम कोण?"

"धाकटी."

भागवतनं बायकोकडं पाहिलं. सिंधूवहिनीनं आढ्याकडं पाहिलं. आपल्याला धाकटी बहीण असल्याचं भागवतला काही आठवत नव्हतं. पण माणूस गेल्यावर मागं काय काय निघतं ते त्यानं गावात पुष्कळ पाहिलं होतं. तो शेतकरी माणूस होता. आधी जे विचारायला हवं ते त्यानं आधी विचारलं.

"रानात हिस्सा मागंल का?"

"न्हाई. रानात न्हाई, आईत हाय. दहावा."

"येवढाच?"

"येवढाच. पण तेवढा पुरा तिचाच हाय."

भागवतला हायसं वाटलं. त्यानं पेटी पुन्हा उघडली, हात खोल घालून निळं लुगडं काढलं आणि अंगणाकडं तोंड करून घडी झटकली. कुठं कसर लागली नव्हती.

"कुठं दिलीय तिला?" त्यानं विचारलं.

"आमच्याच गावात."

"ते बरं झालं. दोघी येकमेकींला धरून ऱ्हाताल." त्यानं लुगड्याची घडी पुन्हा नीट घातली आणि ते कुशावर्ताच्या मांडीवर ठेवलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "पण आता दिवाळीला मोटारसायकलनं भागायचं न्हाई. तुम्हाला दोघींना न्यायला जीप सांगावी लागंल."